दारातली जुनी गाडी आणि आपल्या हातातला पाना

रेडिओ लावून भाकरी थापत असाल, शेळ्यांना पाला टाकत असाल किंवा डाळिंबाच्या बागेत असाल, तिथून ऐका. काम थांबवायची गरज नाही.

गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ता, व्याज यावर बोलतो. आज मात्र दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीवर बोलू. कुणाच्या दारात लुना आहे, कुणाच्या दारात एक्सेल, कुणाकडे एम-एटी. रंग उडालाय, सीट फाटलंय, हँडलला दुधाच्या किटलीचा घासा पडलाय. तरी तीच गाडी वस्तीवरच्या वाटेनं, ओढ्यातल्या वाळूतनं, माळावरच्या दगडगोट्यांतनं चालते. शहरातले हौशी लोक माळरानावर फिरायला चार जाड टायरांची गाडी घेतात. आपल्याकडं ते काम ही दोन बारीक चाकांची गाडी करते, आणि वर वैरणीचा भाराही आणते.

मग ही गाडी एक दिवस किक मारून सुरू होत नाही, आणि आपलं सगळं थांबतं. दूध डेअरीला जायचं राहतं, शनिवारचा आटपाडीचा बाजार चुकतो, पोरीची शाळा बुडते. आपल्या भागात हे जास्त जाणवतं, कारण घरातला गडी माणूस गावात असेलच असं नाही. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. मालक सहा-सहा महिने परमुलखात, आणि गाडी इथं आपल्या दारात. फोन केला की ते म्हणतात, "मिस्त्रीला दाखव." मिस्त्री चार-पाच मैलांवर. बंद गाडी तिथवर ढकलत न्यायची कुणी?

म्हणून आज एवढंच सांगायचंय, की गाडी चालवायला शिकणं हे अर्धंच शिकणं आहे. ती बंद का पडली हे ज्या बाईला कळतं, तिची ती गाडी. आणि ही जुनी गाडी त्यासाठी फार सोयीची आहे, कारण तिच्यात लपवाछपवी नाही. झाकण काढलं की सगळं डोळ्यांसमोर.

ही गाडी आली कुठून

लुना १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनीअरिंगनं बाजारात आणली. पन्नास सीसीचं इंजिन, गिअर नाही, सायकलसारखे पायडल. ज्यांना स्कूटरचं वजन झेपत नव्हतं, अशा शिक्षिका, नर्स, कॉलेजच्या मुली तिच्यावर बसल्या. तिचं नाव इतकं रुळलं, की आपल्याकडं कुठल्याही कंपनीच्या अशा गाडीला म्हातारी माणसं अजून लुनाच म्हणतात. १९८० साली टीव्हीएस कंपनीची पन्नास सीसीची मोपेड आली, आणि पुढं तिच्याच घराण्यात एक्सेल. तिचं इंजिन साधारण सत्तर सीसीचं. ऐंशीच्या दशकातच बजाजची एम-एटी आली. तिला गिअर होते, म्हणून चढाला आणि ओझ्याला ती खंबीर. दूधवाल्यांनी तिच्यावर पिढी काढली.

या सगळ्या गाड्या टू स्ट्रोक. पुढं धुराचे नियम कडक झाले, आणि २०१५ मध्ये एक्सेलही शंभर सीसीची फोर स्ट्रोक होऊन आली. आपल्या दारात आहे ती त्याच्या आधीची. मी सांगणार आहे ते या जुन्या टू स्ट्रोक गाडीबद्दल. तुमची गाडी नवी फोर स्ट्रोक असेल, तर पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं नाही, हे आधीच लक्षात ठेवा.

पेट्रोलबरोबर ऑईल का

मोठ्या मोटारसायकलीत इंजिनाच्या पोटात ऑईल वेगळं भरलेलं असतं. आपल्या गाडीत तसं नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईलच पिस्टनला आणि आतल्या बेअरिंगला वंगण देतं. ते ऑईल पेट्रोलबरोबर जळूनही जातं, म्हणून प्रत्येक वेळी नव्यानं घालावं लागतं. ऑईल घालायचं विसरलं, तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. त्याला मिस्त्री "इंजिन धरलं" म्हणतात. तो खर्च मोठा.

प्रमाण किती? टू टी ऑईल साधारण एका लिटर पेट्रोलला २० मिली, म्हणजे पन्नासाला एक. काही जुन्या गाड्यांच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर याहून जास्त प्रमाण दिलेलं असतं. तिथं त्या पुस्तकाचं ऐकायचं. अंदाजानं "एक बूच" ओतायचं नाही. पोरांच्या खोकल्याच्या औषधाबरोबर मिलीच्या खुणांचं टोपण येतं, तसं एक टोपण गाडीसाठी वेगळं ठेवा आणि त्यावर खूण करा, म्हणजे ते परत औषधाला वापरलं जाणार नाही.

काही जणी म्हणतात, ऑईल जरा जास्तच घातलेलं बरं. तसं नाही, ताई. जादा ऑईल नीट जळत नाही. त्याची काजळी प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये बसते. निळा धूर निघतो, गाडी ओढत नाही. डाळीत मीठ कमी चालत नाही तसं जास्तही चालत नाही, तेच इथं.

पंपावर गेलात की आधी टाकीत ऑईल घाला, मग वरून पेट्रोल घ्या. पेट्रोलची धार पडते तिच्यानं ऑईल ढवळलं जातं. आधी पेट्रोल आणि वरून ऑईल घातलं, तर ऑईल तळाला बसतं आणि पहिल्या किकला तेच कार्बोरेटरमध्ये उतरतं.

गाडी सुरू होत नाही: तीन प्रश्न

किक मारून मारून पाय दुखेपर्यंत थांबू नका. इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी आणि हवा. चुलीचंही तसंच आहे ना? लाकूड, काडी आणि फुंकर. यातलं एक नसेल तर जाळ होत नाही. याच क्रमानं तपासायचं.

सुरुवात करण्याआधी चार गोष्टी. गाडी उघड्यावर, सावलीत घ्या. चूल, उदबत्ती, विडी जवळ नको. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा. आणि सायलेन्सर गार झालेला असू द्या.

पहिला प्रश्न, पेट्रोल पोचतंय का? टाकीचं झाकण उघडून आत बघा. कॉक चालू आहे का, रिझर्व्हवर घेऊन बघा. टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं. आपल्या मुरमाच्या धुळीनं ते बुजतं. मग थोडं अंतर जाऊन गाडी बंद पडते, जरा वेळानं आपोआप सुरू होते, परत बंद पडते. असं होत असेल तर झाकण सैल करून बघा. गाडी चालली, तर दोष त्या भोकाचा. भोक साफ केलं की काम झालं. नंतर कार्बोरेटरकडं येणारी नळी काढा, खाली डबी धरा आणि कॉक उघडा. धार आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल, तर कॉकच्या जाळीत गाळ आहे.

दुसरा प्रश्न, ठिणगी पडते का? यासाठी प्लग पाना लागतो. तो घरात नसेल तर या बाजारात घ्याच. प्लगची टोपी ओढून काढा. वायर धरून ओढू नका, टोपीला धरा. प्लगच्या भोवतीची माती आधी पुसा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. मग पाना लावून प्लग सोडवा आणि त्याचं तोंड बघा. डॉक्टर जीभ बघतात तसं.

तोंड बिस्किटाच्या रंगाचं, कोरडं असेल, तर इंजिनाची तब्येत चांगली आहे. काळं आणि तेलकट असेल, तर ऑईल जास्त झालंय, चोक ओढलेला राहिलाय किंवा हवेचा फिल्टर तुंबलाय. पांढरं फटक असेल, तर सावध व्हा. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय, इंजिन जास्त तापतंय. कार्बोरेटर तुंबलाय किंवा कुठूनतरी हवा शिरतेय. असंच चालवत राहिलात तर इंजिन धरायची वेळ येते.

काळा प्लग तारेच्या ब्रशनं किंवा बारीक पॉलिश पेपरनं घासा, पुसा, फुंकर मारा. टोकाला दोन तारांमध्ये फट असते, ती साधारण ०.६ मिलीमीटर लागते. मापाची पट्टी कुठून आणायची? लोखंड कापायच्या करवतीचं पातं जवळपास तेवढ्याच जाडीचं असतं. ते फटीतून अलगद सरकलं पाहिजे.

आता प्लग परत टोपीत घाला आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या पंखांना टेकवा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. पेट्रोलचा कॉक बंद ठेवा. टोपीचं रबर धरा, धातूला हात लावू नका, आणि दुसरीला किक मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर आधी दुसरा प्लग लावून बघा. नव्या प्लगनंही ठिणगी आली नाही, तर टोपी किंवा वायर बघा. तेही चांगलं असेल, तर आतल्या मॅग्नेटचं किंवा कॉईलचं काम आहे. ते मिस्त्रीचं. पण आता तुम्ही मिस्त्रीला "गाडी चालू होत नाही" असं सांगणार नाही. "पेट्रोल येतंय, प्लग नवा आहे, ठिणगी नाही" असं सांगणार. त्यानं त्याचाही वेळ वाचतो आणि आपले पैसेही.

तिसरा प्रश्न, हवा मिळते का? फिल्टर म्हणजे इंजिनाचं नाक. आपल्या भागातली धूळ तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात माळावर एक वावटळ आली की डोळे, नाक, सगळं भरतं. गाडीचंही तसंच. फिल्टर स्पंजचा असेल, तर साबणाच्या पाण्यात धुवा, दाबून पाणी काढा, पिळू नका. सावलीत पूर्ण वाळवा, दोन थेंब ऑईल लावून दाबून पसरा आणि बसवा. कागदी असेल तर झटका, फाटला की बदला. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी हे करायचं. फिल्टर काढून टाकून गाडी जोरात पळते म्हणून तशीच चालवणारे आहेत. तसं करू नका. आत गेलेला मुरूम पिस्टन घासून काढतो.

तिन्ही गोष्टी ठीक आहेत, तरी गाडी दम धरत नाही, चढाला रडते, आवाज दबका येतो? मग सायलेन्सरमध्ये काजळी बसली असणार. त्याच्या शेवटच्या टोकातली आतली नळी बहुतेक गाड्यांत एका स्क्रूवर निघते. ती काढून तारेनं, खरवडणीनं काजळी काढा. जाळून साफ करायच्या भानगडीत घराजवळ पडू नका.

उभ्या गाडीचं दुखणं

आपल्या घरांत गाडी पुष्कळदा महिना-दोन महिने उभीच राहते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्या उसापासूनही होतं, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे. पण जुनी गाडी त्याचा विचार करून बनवलेली नव्हती. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी जमू शकतं, गंज धरतो, आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात किंवा त्यांना चिरा पडतात.

उपाय साधा आहे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर शेवटच्या दिवशी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन चालू ठेवून आपोआप बंद पडू द्या. म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो आणि आत चिकट थर बसत नाही. पेट्रोलची नळी वर्षातून एकदा वाकवून बघा. चिरा दिसल्या की बदला. ही नळी स्वस्त असते, पण गळकी राहिली तर गाडी पेटते.

कार्बोरेटर तुंबलाच, तर खालची वाटी स्क्रू काढून उघडता येते. स्वच्छ ताटात काम करा. कुठला स्क्रू कुठून निघाला ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आत पितळेचा बारीक भोकाचा तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात. त्यात सुई, टाचणी, तार घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं, तरी पेट्रोलचं माप बिघडतं. सायकलच्या पंपानं हवा मारा, तेवढं पुरतं.

काटे, चेन आणि ब्रेक

आपल्या वाटा म्हणजे बाभळी आणि वेड्या बाभळीच्या. पंक्चर हे आपलं रोजचं. मागचं चाक न काढताही पंक्चर काढता येतं. हवा सोडा, दोन टामी लावून टायरची एक बाजू रिमच्या बाहेर घ्या आणि ट्यूब ओढून काढा. हवा भरून पाण्याच्या पाटीत बुडवली की बुडबुडे जागा दाखवतात. जागा कोरडी करा, पॉलिश पेपरनं खरवडा, सोल्युशन लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग ठिगळ दाबा. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून जुन्या कापडाचा बोळा फिरवा. मोडलेला काटा त्यात अडकतो. पुष्कळ वेळा तोच काटा आत राहतो आणि दुसऱ्या दिवशी परत पंक्चर होतं. बोटानं चाचपू नका, बोटात जातो.

चेन धुळीनं कोरडी पडते. जुन्या ब्रशनं रॉकेल किंवा डिझेल लावून घासा, पुसा, मग थोडं ऑईल द्या. इंजिन बंद ठेवूनच. चाक फिरवताना बोटं चेनजवळ नकोत. खालच्या बाजूनं मधोमध चेन वरखाली करून बघा. दोन ते अडीच सेंटिमीटर खेळली पाहिजे. जास्त सैल असेल तर चाकाचा नट सोडवून दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच फिरवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेन ताणल्यावर मागचा ब्रेक परत तपासा, कारण चाक मागं सरकलं की ब्रेकचा ताणही बदलतो.

आता ब्रेक. गाडी सुरू झाली नाही तर आपण घरी राहतो. गाडी थांबली नाही तर काय होतं, हे मी सांगायला नको. ब्रेकच्या टोकाला एक नट असतो. तो आवळत गेलं की ब्रेक घट्ट होतो. पण आवळून आवळून तो नट आट्यांच्या शेवटाला पोचला, तर आतले ब्रेक शू झिजलेत. आता आवळून उपयोग नाही, शू बदलायचे. ड्रम उघडला तर आतली धूळ तोंडानं फुंकू नका, पंपानंही उडवू नका. जुन्या शूमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसाला फार वाईट. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पुरून टाका. आणि शूला ऑईल किंवा ग्रीस लागू देऊ नका.

एक्सेल, लुनाचा क्लच आपोआप धरतो. कसा, ते गोफणीवरून समजेल. गोफण गरगर फिरवली की दगड बाहेरच्या बाजूला ओढ घेतो. तसंच इंजिन वेगात फिरलं की क्लचचे शू बाहेर फाकतात आणि चाकाकडच्या वाटीला धरतात. म्हणून चढावर ब्रेक न लावता नुसत्या एक्सलेटरवर गाडी तोलून धरू नका. तेव्हा हे शू घासत राहतात आणि जळतात. चढावर थांबायचं तर ब्रेकवरच थांबा. आणि डबल सीट, वर वैरण, वर किटली असं ओझं एकाच वेळी नको.

साडीचा पदर, ओढणी मागच्या चाकात जाऊन झालेले अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत. मागच्या चाकाची जाळी तुटली असेल, तर बाकी सगळी दुरुस्ती बाजूला ठेवून आधी ती बसवा. हेल्मेटही घाला, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जायचं असलं तरी.

गटाची एक पेटी

एकटीनं सगळी हत्यारं घ्यायची गरज नाही. गटात ज्यांच्याकडं गाड्या आहेत त्यांनी मिळून एक पेटी करावी. प्लग पाना, दोन-तीन मापांचे पाने, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, दोन टामी, पंप, पंक्चरचं सामान, एक नवा प्लग, एक जादा ब्रेक केबल. पेटी कुणाच्या घरी आहे आणि कोण घेऊन गेलं, ते गटाच्या वहीत लिहायचं. आपण पैशाचा हिशोब ठेवतो, पान्याचाही ठेवू शकतो. आमच्या भागातल्या एका गटात हे सुरू झालं, तेव्हा बायका पेटी न्यायला लाजायच्या. आता पेटी कुणाकडं आहे यावरून बैठकीत वाद होतो. तो वाद मला आवडतो.

गाडीचीही एक वही करा. प्लग कधी बदलला, शू कधी बदलले, मिस्त्रीनं काय घातलं, किती घेतले. मिस्त्रीकडं गेलात की काढलेला जुना भाग परत मागून घ्या. भांडण म्हणून नाही, बघायला म्हणून. बघता बघता कळायला लागतं. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही, उलट तो दोन गोष्टी जास्त सांगतो.

हे आपल्या हाताचं काम नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्याच जिल्ह्यातलं देवराष्ट्रे सांगा. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, कडेगाव तालुक्यातलं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानापासून छोटी चारचाकी बनवली, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. अशी गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, हेही त्यांनी सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती बोलेरो लोहार कुटुंबाला मिळाली. ज्या जिल्ह्यात माणूस भंगारातून गाडी उभी करतो, तिथं आपण एक प्लग नक्की काढू शकतो.

कागद कुणाच्या नावावर

आता शेवटचा भाग, आणि मला तो पान्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. गाडी तुम्ही चालवता, पेट्रोल तुम्ही भरता, दुरुस्ती तुम्ही करता. आरसी बुकवर नाव कुणाचं आहे? बहुतेक घरांत मालकांचं, किंवा सासऱ्यांचं, जे आता हयातही नाहीत.

एका गटात एक ताई आहेत. नाव सांगत नाही. मालक गेले, गाडी त्यांच्याच नावावर राहिली. चार वर्षं ताईंनी ती चालवली, दुधाचा सगळा धंदा तिच्यावर. मग गाडीची मुदत संपली, तेव्हा कळलं की नूतनीकरणाच्या आधी नाव बदलायचं, आणि त्यासाठी वारसांच्या सह्या पाहिजेत. तोवर दिरांशी वाटणीवरून बोलणं तुटलेलं. मालक गेले त्याच महिन्यात ज्या सह्या सहज मिळाल्या असत्या, त्यांच्यासाठी त्यांना वर्षभर हेलपाटे घालावे लागले.

म्हणून नियम लक्षात ठेवा. गाडीचा मालक वारला, तर ३० दिवसांत आरटीओला तसं कळवायचं आणि गाडी आपण वापरणार असल्याचं सांगायचं. मग तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांतच फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं नाव आधीच नोंदवायची सोयही आहे. मालक गावी आले की एवढं काम करून घ्या. वाईट विचार म्हणून नाही, शहाणपण म्हणून.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मग गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि पीयूसी सुरू पाहिजेच. निदान दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्यानं सक्तीचा आहे. तो नसताना कुणाला धक्का लागला, तर भरपाई आपल्या खिशातनं. आणि पोरींबद्दल एक. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. म्हणजे लुना चालते. सत्तर सीसीच्या एक्सेलला १८ पूर्ण लागतात.

गाडी कधी सोडावी

जुन्या गाडीवर जीव असतो, पण जीव आणि हिशोब वेगळे ठेवा. चासीला तडा गेला असेल, इंजिनाचं घर फुटलं असेल, सुटे भाग मिळत नसतील, तर थांबा. वहीत वर्षाचा खर्च मांडा. तो नव्या गाडीच्या हप्त्याच्या जवळ जात असेल, तर नवी बघा. टू स्ट्रोक गाडीतलं थोडं पेट्रोल न जळताच धुरातून जातं, हेही खरं आहे. आता तर लुनाही विजेवर चालणारी आली आहे, २०२४ पासून. फक्त गाडी भंगारात देताना नंबर प्लेटसकट तशीच देऊन टाकू नका. आधी आरटीओत नोंदणी रद्द करा. नाहीतर त्या नंबरवर कुणी काय केलं, त्याची विचारणा आपल्या दारात येते.

तोवर जी आहे तिला नीट ठेवू. सगळं एका दिवसात करायचं नाही. या आठवड्यात एकच करा. प्लग पाना आणा, प्लग काढा, त्याचं तोंड बघा, साफ करून परत बसवा. बसवताना आधी हातानं आटे लावा, मग पान्यानं बेताचा आवळा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, तिसऱ्यांदा पाच मिनिटं. बाजूला पोरगी असेल तर तिलाही बसवा. आणि त्याच दिवशी पेटीतलं आरसी बुक काढून त्यावरचं नाव आणि मुदतीची तारीख वाचा. पुढच्या बैठकीत मी दोन्ही विचारणार आहे: प्लग कुठल्या रंगाचा होता, आणि नाव कुणाचं होतं.